चाँद दिसेपर्यंत आरक्षण थांबत नाही

२०२५च्या सप्टेंबरात ईद-ए-मिलादची सरकारी सुट्टी महाराष्ट्रात दोन वेगवेगळ्या दिवशी आली. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या जिल्ह्यांत ती सोमवारी, ८ तारखेला होती. उरलेल्या जिल्ह्यांत मूळच्याच तारखेला, शुक्रवारी ५ला. मधल्या शनिवारी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाची मिरवणूक आणि मिलादचा जुलूस एकमेकांवर येऊ नयेत म्हणून मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी आपण होऊन जुलूस पुढे ढकलला आणि सरकारने त्यामागोमाग सुट्टी हलवली. २०२३ साली ईद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हाही जुलूस दुसऱ्या दिवशी निघाला होता. २०२४लाही तेच झाले. या समजूतदारपणाबद्दल आमची काही तक्रार नाही. आमची तक्रार खाडीच्या अलीकडची आहे.

वसई-विरार पालघर जिल्ह्यात येते. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून हा जिल्हा वेगळा झाला. इथला माणूस झोपायला पालघर जिल्ह्यात असतो आणि पोट भरायला मुंबईत. विरार लोकलच्या दारात एक पाय टेकवून रोज दोन जिल्ह्यांच्या हद्दी ओलांडणारी ही लोकवस्ती आहे. त्या शुक्रवारी नालासोपाऱ्यातल्या पोरांची शाळा बंद आणि बापाची कचेरी चालू. सोमवारी बाप घरी आणि पोरांची शाळा भरलेली. ज्या घराने शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस धरून महाडला किंवा चिपळूणला म्हाताऱ्या आईबापांकडे जायचे ठरवले होते, त्या घराची सुट्टी सरकारने मधोमध फाडली. हे कुणी मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. मुद्दाम करायला निदान आमचा विचार तरी मनात यावा लागतो. मुंबईचे दोन जिल्हे संपले की मुंबई संपते, अशी मंत्रालयाची समजूत असावी. चर्चगेटहून सुटणारी गाडी दहिसरला थांबत नाही हे तिथे कुणाच्या ध्यानात आले नाही.

असे काही बोलले की एक ठरीव उत्तर मिळते. तुमचे सण फिरते. आज पावसाळ्यात, उद्या उन्हाळ्यात. त्याला कोण काय करणार?

हे उत्तर देणाऱ्यांना आम्ही आषाढी एकादशीच्या तारखा पाहायला सांगतो. २०२२ साली ती १० जुलैला होती, २०२३ला २९ जूनला, २०२४ला १७ जुलैला, २०२५ला ६ जुलैला. चार वर्षांत अठरा दिवसांची ओढाताण. तरी दरवर्षी एसटी महामंडळ हजारो जादा गाड्या सोडते, रेल्वे खास गाड्यांचे वेळापत्रक छापते, पंढरपुरात पाणी आणि मांडव यांची तजवीज होते. एकादशीही चंद्रावरच चालते. वारकऱ्याला कुणी म्हणत नाही की बाबा, तुझा सण फिरता, तू चालतच जा. तो चालत जातो ते त्याच्या खुशीने.

आणि गंमत अशी की त्या चारही तारखांना आमच्याकडेही काहीतरी होते. पहिल्या दोन वर्षी आषाढीच्याच दिवशी बकरी ईद, पुढच्या दोन वर्षी आषाढीच्याच दिवशी मोहरमची दहावी. वर्तमानपत्रांनी याला योगायोग म्हटले. योगायोग कसला? अमावस्येनंतर पहिली कोर दिसते तेव्हा आमचा महिना सुरू होतो, म्हणजे प्रतिपदा उलटल्यावर. त्यामुळे आमची दहावी तारीख शुद्ध एकादशीच्या आसपासच पडते. २०२३ला अधिक श्रावण आला आणि पुढच्या वर्षीची आषाढी एक महिना मागे राहिली, म्हणून ती बकरी ईद सोडून मोहरमला भेटली. ज्या खात्याला एकादशी कळते त्याला दशमी कळायला हरकत नसावी. २०२३च्या त्या दिवशी गावोगावच्या मुसलमानांनी एकादशीचा मान राखून कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली. शरीयतने कुर्बानीला तीन दिवस दिले आहेत, त्यातला एक शेजाऱ्यासाठी सोडता येतो. तेव्हा फिरत्या सणांची अडचण आम्हाला कुणी शिकवू नये. ती आम्ही रोज उचलतो.

आता प्रत्यक्ष प्रवासाकडे येऊ. १ नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडते. नालासोपारा पूर्वेच्या एका खोलीत चार जण मिळून राहणारा आणि जरीकामाच्या किंवा फर्निचरच्या कारखान्यात राबणारा पोरगा ईदला गोरखपूरकडे जातो. त्याने साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला कुठली तारीख टाकायची? ईद सोमवारी की मंगळवारी हे एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी कळणार. तो एक दिवस आधीची तारीख टाकतो, म्हणजे एक दिवसाचा पगार जातो. त्याच दिवशी सगळेच निघतात, म्हणून तिकीट वेटिंगवर राहते. आणि मालकाकडे रजा मागायला जातो तेव्हा जो संवाद होतो, तो आमच्यापैकी प्रत्येकाच्या कानावरून कधी ना कधी गेला आहे.

“ईद कधी आहे?”

“सोमवारी, नाहीतर मंगळवारी.”

“म्हणजे तुमचं अजून ठरलं नाही?”

या शेवटच्या वाक्यात जे कुत्सित हसू असते ते आम्हाला खुपते. माणूस रजा मागतो आहे आणि त्याच्या धर्माला घड्याळ लावता येत नाही असा त्याचा अर्थ लावला जातो. कायम नोकरीतला माणूस हे हसण्यावारी नेऊ शकतो. केंद्र सरकारच्या नोकराला ठरलेल्या सुट्ट्यांशिवाय यादीतून निवडायच्या दोन ऐच्छिक सुट्ट्या तरी असतात. रोजंदारीवाल्याला त्यातले काहीच नाही. त्याची ईद म्हणजे बुडालेला रोज, आणि तारीख चुकली तर दोन रोज.

परीक्षांचेही तेच. २०२५ला दहावीची परीक्षा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली आणि मार्चच्या मध्यापर्यंत चालली. रोजे २ मार्चपासून होते. परीक्षा पुढे ढकला असे आम्ही कधीच म्हटले नाही, म्हणणारही नाही. सहेरी करून, उपाशीपोटी रिक्षा आणि लोकल बदलत केंद्रावर जाणाऱ्या मुलीला दूरचे केंद्र देऊ नये, एवढे तरी पाहता आले असते. पण पाहायचे तर आधी कॅलेंडर उलटावे लागते.

हे फक्त आमचेच गाऱ्हाणे असते तर आम्ही ते आपल्या मोहल्ल्यातच उगाळत बसलो असतो. वसईत तसे नाही. नंदाखाल, भुईगाव, गिरीज, सांडोर, निर्मळ या गावांतून कुपारी आणि वाडवळ ख्रिस्ती समाज पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत, शेती करत राहतो आहे. १९९८ साली वसईचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४च्या जुलैत ते गेले. या शेजाऱ्यांचा गुड फ्रायडे पाहा. सुट्टी आहे, यादीत आहे. पण ती कशाची सुट्टी आहे? हा शोकाचा दिवस. घरोघरी उपास, चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची भक्ती, घंटासुद्धा वाजत नाही. आणि त्याच दिवशी ‘लाँग वीकएंड’ची जाहिरात वाचून मुंबईतून मोटारी भरून लोक अर्नाळा, राजोडी, कळंबच्या रिसॉर्टांत येतात. गावाच्या अरुंद रस्त्यावर, काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या बायांच्या बाजूने मोठ्याने गाणी लावून गाड्या जातात. कुणी कुणी शुभेच्छाही देतो. मोहरमला ‘मुबारक’ म्हणणारे सद्गृहस्थ आम्हाला भेटतात, त्यांचेच हे भाऊबंद.

ईस्टर नेहमी रविवारीच येतो, म्हणून त्याला वेगळी सुट्टी लागत नाही असे मानले जाते. पण उपनगरी रेल्वे दुरुस्तीचे ब्लॉक रविवारी घेते. त्यामुळे वांद्र्याहून वसईला बहिणीकडे ईस्टरला येणारे कुटुंब आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आधी ब्लॉक कुठे आहे ते बघते, मग निघायचे की नाही ते ठरवते.

याउलट हाच कुपारी शेतकरी इतरांचे सण कसे पाठ ठेवतो! मोगरा आणि सोनचाफा दादरच्या बाजारात कधी चढतो हे त्याला ठाऊक असावेच लागते. गणपती कधी, गौरी कधी, दसरा कधी, शब-ए-बरातला कबरींवर फुले घालतात ती रात्र कधी. पहाटेच्या गाडीत टोपली चढवणाऱ्या बाईला चार धर्मांचे पंचांग तोंडपाठ असते. व्यवहाराला जे जमते ते कचेरीला का जमू नये?

२०२२च्या एप्रिलचे तीन दिवस आम्हाला फार बोलके वाटतात. १४ एप्रिल, गुरुवार: बाबासाहेबांची जयंती, महावीर जयंती आणि ख्रिस्ती लोकांचा आज्ञा-गुरुवार. १५ एप्रिल: गुड फ्रायडे, रमजानचा दुसरा जुम्मा, आणि संध्याकाळपासून ज्यूंचा वल्हांडण. १६ एप्रिल: हनुमान जयंती. मग १७ला ईस्टर. चैत्री पौर्णिमा एकच होती. तिच्यावर हनुमानाचा जन्म बसला, वल्हांडण बसला, तिच्यानंतरच्या रविवारी ईस्टर बसला आणि आमच्या रमजानचा मध्य आला. एका चंद्राभोवती इतकी माणसे गाडीत बसली होती, आणि त्या चार दिवसांना पर्यटनाच्या जाहिरातीत एकच नाव होते: सलग सुट्ट्या.

वर ज्यूंचे नाव आले. वसईत त्यांचे देऊळ नाही. घोडबंदर रस्त्याने ठाण्याला गेले की १८७९ सालचे सिनेगॉग आहे. हे बेने इस्रायली लोक कोकणातले आमचे जुने शेजारी. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. त्यांच्या सणांची नावे ऐका: नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. उपासाला रोजा म्हणत आणि त्यांच्या एका उपासाच्या महिन्याला तर रमजानच म्हणत. एलिया हन्नबीचा उरूसही भरवत. मराठीत रोजा आणि उरूस हे शब्द फक्त मुसलमानांचे आहेत असे समजणाऱ्यांनी जरा अलिबागेकडे जाऊन यावे. महाराष्ट्राने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, पण राज्याच्या सार्वजनिक सुट्ट्यांत त्यांचा एकही सण नाही. पारशी नववर्ष आहे, आणि ते असावेच. संख्येने मूठभर म्हणून सुट्टी नाही असे म्हणावे तर पारशी तरी किती उरलेत? निदान त्यांच्या मोठ्या उपासाच्या दिवशी, दारे लावून दिवसभर प्रार्थना करायच्या दिवशी, शाळेने परीक्षा ठेवू नये, एवढी माहिती शाळेकडे असायला काय लागते?

माहिती मिळत नाही ही सबब तर मुळीच चालणार नाही. २०२३च्या ऑक्टोबरात युद्ध भडकले त्याआधी वसईच्या गावांतून पवित्र भूमीच्या यात्रेला गट जात. दिब्रिटोंनी त्या भूमीच्या संघर्षावर पुस्तकच लिहिले आहे. या यात्रा आखणाऱ्यांना सगळे ठाऊक असे: शुक्रवारी अक्सा मशिदीच्या आवारात परक्याला प्रवेश नाही, शुक्रवारी सूर्य मावळला की जेरुसलेमच्या बस थांबतात, योम किप्पूरला विमानतळच बंद, रविवारी चर्चमध्ये दाटी. तिघांच्या सुट्ट्या सांभाळून आठ दिवसांची सहल बसवणे हे कौशल्याचे काम, आणि ते आपली मराठी माणसे चोख करत. जेरुसलेममधला शब्बाथ किती वाजता लागतो हे ज्याला इथे बसून सांगता येते, त्याला सोपाऱ्यातली ईद कधी हे विचारायला लाज का वाटावी?

इथवर वाचून आमच्या मोहल्ल्यातले लोक खूश झाले असतील. आता त्यांच्याशी बोलायचे आहे.

सरकार आमचे कॅलेंडर उलटत नाही हे खरे. पण उलटायला आम्ही त्याच्या हाती दिले आहे काय? २०२४ची रमजान ईद केरळात १० एप्रिलला झाली, लडाख आणि जम्मू-काश्मिरातही, आमच्याकडे ११ला. वसई रोडला केरळच्या गाड्या थांबतात. १०ला तिकडे ईदची नमाज पढून गाडीत बसलेला माणूस ११ला इथे उतरला असेल तर त्याला दुसरी ईद मिळाली. ऐकायला मजेचे आहे. पण सुट्टीची यादी करणाऱ्या कारकुनाने यातून काय बोध घ्यावा? रात्री नऊ वाजेपर्यंत फोन, या शहरात दिसला, त्या शहरात नाही, अमुक कमिटीची गवाही कबूल, तमुक कमिटीची नाही. आणि या घोळाला आम्ही दीनदारी म्हणतो.

गणित धर्मात चालत नाही, असे आम्हाला सांगितले जाते. मग मशिदीच्या भिंतीवर सहेरी-इफ्तारचा तक्ता कुणी लावला? त्यात महिनाभराच्या वेळा मिनिटांसह छापलेल्या असतात. फज्र उगवली का हे पाहायला पहाटे गच्चीवर कोण जाते? असरच्या नमाजसाठी काठी रोवून सावली कोण मोजते? सूर्याचे गणित आम्ही मुकाट्याने मान्य केले. तक्ता छापून देणाऱ्या दुकानदाराची जाहिरातही त्याखाली खपवून घेतली. चंद्राचे गणित म्हटले की मात्र ईमान धोक्यात येते. चंद्रकला ही लोकांसाठी आणि हजसाठी वेळ ठरवण्याची खूण आहे असे कुराणातच सांगितले आहे. ज्या समाजाने मशिदीत वेळ मोजायला ‘मुवक्कित’ नेमले, ज्याने अल-बत्तानी आणि अल-बिरुनी घडवले, त्याच्या वारसांनी आकाश ढगाळ आहे म्हणून हात वर करावेत? २०१२ ते २०१६ या वर्षांत रमजान ईद ऐन पावसाळ्यात येत होती. वसईच्या पावसात एकोणतिसाव्याला चाँद पाहणारे डोळे कुणाचे होते?

अमावस्येचा क्षण सेकंदापर्यंत सांगता येतो, पण कोर डोळ्यांना दिसेल की नाही हे चंद्राची उंची आणि सूर्यापासूनचे अंतर यांवर अवलंबून असते, आणि तिथे कुठला निकष धरायचा हा खरा वाद आहे. तो वाद आलिमांनी खुशाल करावा. पण तो वर्षभर आधी करावा, एकोणतिसाव्याच्या रात्री नव्हे. तुर्कस्तान आपले कॅलेंडर गणिताने आधीच छापते. उत्तर अमेरिकेच्या फिक्ह कौन्सिलने २००६ साली हाच मार्ग धरला, कारण तिथल्या मुसलमानालाही मालकाकडे रजा मागावी लागते. फार दूर कशाला, आपले दाऊदी बोहरा फातिमी काळापासूनच्या ठरीव कॅलेंडरावर चालतात. त्यांची ईद आपल्याआधी एखाददुसरा दिवस येते म्हणून आपण त्यांना हसतो. ते साठ दिवस आधी खिडकीची जागा पक्की करून गावाला जातात.

ज्यूंची कथा तर आम्ही प्रत्येक हिलाल कमिटीला वाचायला द्यावी म्हणतो. त्यांचा महिनाही एकेकाळी डोळ्यांनी पाहूनच ठरे. जेरुसलेमला साक्षीदार येत, त्यांची उलटतपासणी होई, मग डोंगरामागून डोंगरावर जाळ पेटवून बातमी पाठवत. विरोधक खोटे जाळ पेटवू लागले, तेव्हा जासूद धाडले. जासूद लांबच्या गावी वेळेत पोचेनात, म्हणून दूरच्यांनी संशयाचा फायदा घेऊन सण दोन दिवस करायला सुरुवात केली. प्रवासाला लागणारा वेळ असा त्यांच्या धर्मात शिरला तो आजवर निघालेला नाही. शेवटी चौथ्या शतकात, दुसऱ्या हिल्लेलच्या काळी, गणिताचे कॅलेंडर सर्वांच्या हाती दिले गेले, अशी त्यांची परंपरा सांगते. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने, आपल्या पंचांगासारखेच. समाज विखुरला आहे, एका डोंगरावरचा जाळ सर्वांना दिसणार नाही, हे त्यांनी ओळखले. आम्ही गोरखपूर, कासरगोड, दापोली आणि दुबई इतके विखुरलो तरी अजून जाळ पेटवतोच आहोत, फक्त मोबाइलवर.

तारीख माणसे ठरवतात हे तर वसईला कुणी सांगायला नको. १५८२ साली पोपने कॅलेंडर सुधारले तेव्हा वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे होती आणि पोर्तुगालने ते लगेच उचलले. इंग्रजांनी थेट १७५२पर्यंत नाकारले. म्हणजे मुंबई बेट इंग्रजांकडे गेल्यावर १७३९ला चिमाजीअप्पांनी वसई घेईपर्यंत, माहीमच्या खाडीच्या दोन तीरांवर दोन तारखा चालत. वांद्र्याचा नाताळ उरकून दहा दिवस झाले की किल्ल्यातल्या इंग्रजांचा यायचा. १७००नंतर अकरा दिवस. २०२५ची ५ आणि ८ सप्टेंबर त्यामानाने जवळच म्हणायची. हिंदूंतही कोकणात टिळक पंचांग पाळणारी घरे आहेत, त्यांचा सण काही वर्षी निराळ्या दिवशी येतो. तरी आरक्षणाच्या खिडकीवर एकच पंचांग जाते. घरातला वाद ते खिडकीपर्यंत नेत नाहीत.

आणि आमच्यापाशीही हा शहाणपणा होता. अरब भूगोलकारांनी ज्या सुबाराचा उल्लेख केला ते आपले सोपारा. (बायबलमधले ओफीर म्हणजे हेच, असाही काही विद्वानांचा तर्क आहे.) या बंदरांना गलबते घेऊन येणारे मुसलमान नाखवे हिजरी तारखेवर शीड उभारत नव्हते. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे, ते ऋतूंना धरून राहत नाही. त्यावर विसंबून निघाले असते तर मोसमी वाऱ्याने बुडवले असते. म्हणून ते नौरोजपासून किती दिवस झाले ते मोजत. पंधराव्या शतकातला इब्न माजिद समुद्रावर निघायचे दिवस असेच नौरोजच्या गणतीने देतो. नमाज, रोजा, हज हिजरीवर, प्रवास सूर्यावर. त्यांच्या ईमानाला यामुळे धक्का लागल्याचे कुठे नमूद नाही.

आमचे मागणे त्याहून लहान आहे. चाँद पाहणे सोडा असे आम्ही म्हणत नाही. ईदगाहच्या मैदानात, गच्च्यांवर, पोरांना खांद्यावर घेऊन चाँद शोधण्यातला आनंद आम्हालाही हवा आहे. तो गेला तर रमजानमधले बरेच काही जाईल. पण रजा, आरक्षण आणि परीक्षा यांच्यासाठी गणिताने काढलेली एक तारीख वर्षभर आधी जाहीर करा. ज्याला गवाहीवरच ईद करायची आहे त्याने ती करावी. सरकारने एक दिवस मागेपुढे घेण्याची मुभा रजेच्या नियमात द्यावी. सुट्टी हलवायची असेल तर मुंबईबरोबर तिच्या लोकलने बांधलेले जिल्हेही हलवावेत, आणि निर्णय ऐनवेळी न घेता निदान रेल्वेच्या साठ दिवसांआधी घ्यावा. अनंत चतुर्दशी कधी आहे हे पंचांगकर्त्यांना वर्षभर आधी ठाऊक असते. मिलाद कधी आहे ते कालनिर्णयमध्ये छापलेलेच असते, आणि वसईतल्या किती तरी मुसलमान घरांत तेच कॅलेंडर भिंतीवर असते. दोन्ही पाने एकत्र उलटायला पाच मिनिटे लागतात.

मुस्लिम संस्थांनी आपल्या सभा-संमेलनांच्या तारखा ठरवतानाही हे पथ्य पाळावे. पवित्र आठवड्यात वसईच्या ख्रिस्ती लेखकाला निमंत्रण पाठवून मग ‘ते आले नाहीत’ म्हणू नये. शुक्रवारी संध्याकाळचा परिसंवाद ठेवून बेने इस्रायली अभ्यासकाची वाट पाहू नये.

सहेरी-इफ्तारचा तक्ता दरवर्षी छापला जातोच. त्याच कागदाच्या खालच्या भागात, दुकानदाराच्या जाहिरातीला थोडे सरकवून, तीन ओळी मावतील: गणिताप्रमाणे ईद अमुक दिवशी, रेल्वेचे आरक्षण अमुक तारखेला सकाळी आठ वाजता उघडते, यंदाचा गुड फ्रायडे अमुक दिवशी, त्या दिवशी गावातून गाणी वाजवत जाऊ नये. मात्र मग तो तक्ता रमजानच्या तोंडावर न लावता दोन-अडीच महिने आधी लावावा लागेल. सुरुवात करायला २०३० साल सोयीचे आहे. त्या वर्षी एक रमजान जानेवारीत सुरू होईल आणि दुसरा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, नाताळला चिकटून. वसईतली ख्रिस्ती घरे तेव्हा पाहुण्यांनी भरलेली असतील, गोव्याच्या गाड्याही तुडुंब असतील, आणि पहिला रोजा घरी धरायचा म्हणून आमचे लोकही त्याच गाड्यांत जागा शोधत असतील. आजचा नियम तोवर टिकला तर त्या आठवड्याचे आरक्षण २०३०च्या ऑक्टोबरअखेरीस उघडेल.